पेठेतलं जुनं कौलारू घर भाड्यानं द्यायला घ्यावं का?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत दुधाळीच्या बाजूला एक जुनं घर विकायला निघालंय. पुढं-मागं दोन सोपे (ओसरीसारख्या खोल्या), त्यामागं दोन खोल्या, वर माडी, मागं परडं. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं. आई गेल्यावर पाच भावंडांनी विकायचं ठरवलंय, सगळी बाहेरगावी असतात. ४८ लाख सांगताहेत, ४५ पर्यंत येतील असं एजंटचं म्हणणं. पुढच्या सोप्यात एक म्हातारं जोडपं चाळीसेक वर्षं भाड्यानं राहतंय, महिना ३५० रुपये. बाकी घर रिकामं.
दुरुस्ती करून माडी मेडिकलच्या पोरांना आणि मागच्या खोल्या एखाद्या कुटुंबाला द्यायचा विचार आहे. महिन्याला १६ हजार यावेत. एवढ्यात कळंब्याकडं फ्लॅट मिळतो, पण मला पायाखालची जमीन स्वतःची हवी आहे. बांधकामातलं मला काही कळत नाही. असं घर घेऊन कुणी भाड्यानं दिलंय का?

आकडेमोड:
भावा, १६ हजारांनी वर्षाचे १ लाख ९२ हजार. ४५ लाखांवर सव्वाचार टक्के. दस्ताचा खर्च आणि दुरुस्ती धरून ५५ लाखांवर गेलास की साडेतीन. त्यातनं घरफाळा गेला, मे-जूनला पोरं खोली सोडतात तो महिना रिकामा गेला. बँकेतली ठेव यापेक्षा जास्त देते. जागेचा भाव वाढेल म्हणून घेणार असशील तर घे, भाड्यासाठी नको. आणि कर्ज काढायचं असेल तर आधी बँकेत विचार, मातीच्या बांधकामाला बऱ्याच बँका नाखूश असतात.

परड्यातली_जास्वंद:
भाड्याचा हिशेब नंतर करा, आधी घर पावसात बघून या. शुक्रवार पेठेत आमची दोन जुनी घरं आहेत, एक सासऱ्यांच्या वेळचं, एक आम्ही घेतलेलं. दोन्हीकडं भाडेकरू आहेत आणि दुरुस्ती मीच बघते, म्हणून एवढं लिहिते.

उन्हाळ्यात रंग दिलेल्या मातीच्या भिंतीवरनं काहीच कळत नाही. झड लागलेली असताना जा आणि जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला तळवा लावून बघा. वरनं कौलातनं ओल येत असेल तर घाबरू नका. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारून घ्यायचं, फुटकी कौलं बदलायची, दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ साफ करायची. ओल जोत्यातनं वर चढत असेल तर मात्र कारण बहुतेक बाहेर असतं. आपल्याकडं प्रत्येक डांबरीकरणात रस्ता वर येत गेला आणि घरं खाली राहिली. उंबऱ्यापुढच्या किती पायऱ्या अजून दिसतात ते बघा. एकही दिसत नसेल तर गटारीचं पाणी तुमच्या जोत्यात मुरतंय.

मग आधीचे मालक काय करतात, भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून देतात. मातीच्या भिंतीतलं पाणी त्यामुळं बाहेर पडायचं थांबतं, आतली माती मऊ होते आणि दोन-चार वर्षांत गिलावा पोपड्यासकट सुटून भिंत पोट काढते. नखानं टिचकी मारून बघा, पोकळ वाजलं की समजा. तो गिलावा काढून चुन्याचा करावा लागतो. चुन्याचं काम येणारे गवंडी आता थोडेच उरलेत, शोधावे लागतात, पण अजून मिळतात.

तुळया मधोमध ठोकून बघू नका, मधे साग खणखणीतच असतो. टोक जिथं भिंतीत घुसतं तिथं बघा. आमच्या माडीच्या एका तुळईच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वाळवीनं बाहेरचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवला होता. खाली लोखंडी टेकू देऊन टोक कापलं, नवा तुकडा जोडला. वर्षाचं निम्मं भाडं त्यात गेलं.

माडीवर पोरं ठेवायची तर बाथरूम वर काढू नका. परड्यात विटांची वेगळी बांधा. टाकीही तिथंच वेगळ्या चौथऱ्यावर ठेवा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते जुन्या भिंतीवर चढवायचं नाही.

दुधाळीकडं म्हणालात म्हणून पुराचं विचारते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही पुढं. त्या दोन्ही वेळी त्या घरात कुठवर पाणी होतं ते शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको. मातीची भिंत तीन-चार दिवस पाण्यात राहिली की तिचं बूड जातं. महापालिकेत पूररेषाही बघून घ्या, निळ्या रेषेच्या (पूररेषांतली नदीकडची रेषा) आत असेल तर पुढं बांधकामावर कडक निर्बंध येतात.

आणि ते आजी-आजोबा. ते जातील असं धरून भाव ठरवू नका. मालक बदलला म्हणून त्यांचा हक्क जात नाही, आणि त्यांच्याजवळ राहणारं घरातलं कुणी असेल तर त्यांच्या पश्चात हक्क पुढं चालू शकतो. त्यांच्या डोक्यावरचं कौलही तुम्हालाच फेरायचं आहे. आमच्याकडं असंच एक कुटुंब आहे. २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही गावी नव्हतो, त्यांच्या मुलानं सगळ्या बिऱ्हाडांचं सामान माडीवर नेऊन ठेवलं. अशी माणसं घरात असणं मला मोलाचं वाटतं. तुम्हाला ते ओझं वाटणार असेल तर हे घर घेऊ नका, मनापासून सांगते.

सिटीसर्व्हे:
ताईंनी घर सांगितलं, मी कागद सांगतो. मालमत्ता पत्रकावर आईनंतर पाचही वारसांची नोंद झालीय का? एखाद्या बहिणीनं ‘मला काही नको’ असं तोंडी म्हणणं चालत नाही. तिनं विक्रीच्या दस्तावर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. ३० वर्षांचा शोध अहवाल (आधीचे व्यवहार आणि बोजे तपासलेला) वकिलाकडनं घ्या. शेजारची भिंत सामाईक आहे का, बोळातनं कुणाची वहिवाट आहे का, मोरीचं पाणी कुणाच्या हद्दीतनं जातं, हे जागेवर उभं राहून बघा. पेठेतली निम्मी भांडणं तिथंच असतात.
जुन्या भाडेकरूचं भाडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. ३५० वर ते १४ रुपये होतात. नव्या लोकांना लिव्ह अँड लायसन्सवरच द्या, करार नोंदवा, पोलिसांकडं माहिती द्या. मुदत संपली की जागा परत मागायला तोच करार उपयोगी पडतो.

शिरोलीकर:
खूप आभार. वारसांचं खरंच विचारलं नव्हतं, धाकट्या बहिणीचं नाव पत्रकावर दिसत नाही असं आत्ता कळलं. ते लागेपर्यंत टोकन देत नाही. ताई, दुरुस्तीचा अंदाज आधी गवंड्याकडनं घ्यावा की इंजिनिअरकडनं? आणि आजींच्या सोप्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

परड्यातली_जास्वंद:
इंजिनिअर आधी, आणि जुन्या लाकूडकामाची माहिती असलेला. नव्या इमारती बांधणारा तुम्हाला ‘पाडा आणि स्लॅब टाका’ एवढंच सांगेल. सोप्यापासूनच करा, पण पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर. तेव्हा मागच्या खोल्या रिकाम्याच असतील, काम चालू असेपर्यंत दोघांना तिथं हलवा. चूल-भांडी हलवायला माणूस द्या, आणि कुठली खोली किती दिवसांसाठी ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्यांना परत जायला मिळेल की नाही याची धास्ती राहणार नाही.