प्रेत अंगणात आणि आपण हसतोय?

निशाचर_नाशिक (धागाकर्ता)

पावसात चार दिवस घरी अडकलो, तेव्हा नेथन ऑल्डाइनच्या चारही रहस्यकथा ओळीने संपवल्या. ऑल्डाइन नावाचा माणूसच नाही. मायकेल मॅकडॉवेल आणि डेनिस शूट्झ या दोन मित्रांनी मिळून घेतलेलं ते टोपणनाव. (मॅकडॉवेल म्हणजे 'बीटलज्यूस' या सिनेमाच्या लेखकांपैकी एक.) पुस्तकांना नावं रंगांची: 'व्हर्मिलियन' १९८०, 'कोबाल्ट' १९८२, 'स्लेट' १९८४, 'कॅनरी' १९८६. बोस्टनमधला गे बारटेंडर डॅनियल व्हॅलेंटाइन आणि त्याची घरांची दलाली करणारी मैत्रीण क्लॅरिस लव्हलेस हे दोघं खुनाचा छडा लावतात. म्हणजे आधी पितात, मग एकमेकांच्या कपड्यांची टर उडवतात, आणि मधल्या वेळात छडा लावतात.

माझं म्हणणं असं की विनोदी खूनकथेला गे हौशी डिटेक्टिव्ह जितका शोभतो तितका दुसरा कुणी शोभत नाही. कारण सांगतो. हौशी डिटेक्टिव्हच्या प्रत्येक गोष्टीत एक भोक असतं: बाबा रे, तू पोलिसांकडे का जात नाहीस? स्वेटर विणणाऱ्या आजीबाईंना खुनात नाक खुपसायला लावायचं तर लेखकाला काहीतरी ओढूनताणून आणावं लागतं. इथे ते आयतं मिळतं. १९७८ साली बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात पोलिसांनी सापळे लावून शंभराहून जास्त पुरुषांना पकडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी पहिलं पुस्तक आलं. अशा गावात ज्याला काही माहीत आहे तो माणूस ते पोलिसाला सांगेल की बारवाल्याला? जे भोक बुजवता बुजवता इतर लेखकांना घाम फुटतो, त्यावरच ही गोष्ट उभी आहे.

असहमत असाल तर या.

लोकल_८_१२

असहमत. आणि जरा रागाने असहमत.

'व्हर्मिलियन' मीही वाचलंय. त्यात मरतो कोण? पैसे घेऊन पुरुषांबरोबर जाणारा एक पोरगा. प्रेत सापडतं ते समलिंगींविरुद्ध गरळ ओकणाऱ्या आमदाराच्या अंगणात. कल्पना झकास आहे, मान्य. पण पुढे पानंच्या पानं पार्ट्या, टोमणे, कोट आणि पेग. त्या पोरासाठी रडलं कोण? त्याचं प्रेत म्हणजे नाटकाचा पडदा वर करायची दोरी, बस्स.

दुसरं. मी स्वतः गे आहे. कॉलेजात माझ्या चालण्याची नक्कल करून लोक कॅन्टीन हसवायचे. आपल्या नाटक-सिनेमातही मनगट वाकडं करून 'अय्या' म्हणणारं पात्र आलं की थिएटर आधी हसतं, वाक्य नंतर ऐकतं. त्यामुळे 'गे' आणि 'विनोदी' हे दोन शब्द शेजारी दिसले की माझं पोट आवळतं. मला जोसेफ हॅन्सनचा डेव्ह ब्रँडस्टेटर चालतो. विमा कंपनीसाठी दावे तपासणारा, लॉस एंजेलिसच्या बाजूचा, १९७० मध्ये 'फेडआऊट'मधून आलेला. तो गे आहे आणि काम चोख करतो. कुणाला हसवायचा ठेका त्याने घेतलेला नाही.

अर्नाळकरभक्त_मावशी

मी सत्तरीची आहे, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढले. तेव्हा रहस्यकथेपुरतंच बोलते, बाकी तुम्ही मुलं बघून घ्या.

मुलाने मला ग्रँट मायकल्सचं 'अ बॉडी टू डाय फॉर' दिलं होतं, १९९० चं. (नाव वाचतानाच कळतं, 'डाय' म्हणजे मरणं नव्हे, केसांचा डाय.) डिटेक्टिव्ह कोण, तर बोस्टनचा हेअरड्रेसर, स्टॅन क्रेचिक. गिऱ्हाइकाच्या घरी प्रेत सापडतं आणि हा भटकत पार योसेमिटीच्या जंगलापर्यंत पोचतो. तपासाला येणारा पोलीस अधिकारी ब्रँको इतका देखणा की याचं निम्मं लक्ष तिकडेच. हसले मी, खोटं कशाला बोलू.

पण एक बघा. न्हाव्याला गावाची खबर असते हे आपल्याला कुणी इंग्रजीतून शिकवायला नको. मान त्याच्या हातात, वस्तरा त्याच्या हातात, आणि तरीही माणूस तिथेच सगळं ओकतो. तेव्हा न्हावी डिटेक्टिव्ह ही कल्पना शंभर नंबरी. तक्रार माझी वेगळीच आहे. खुनी मला अर्ध्या पुस्तकातच कळला. गप्पांची फोडणी एवढी खमंग की आमटीत डाळ घालायला विसरले! विनोद असो नाहीतर नसो, धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडायला हवेत की नकोत?

पुणेरी_शंका

एक बाळबोध प्रश्न. डिटेक्टिव्ह गे असल्याने खून सोडवण्यात फरक काय पडतो? उद्या डावखुरा डिटेक्टिव्ह आणाल, परवा शाकाहारी. 'ग्लास अनियन' सिनेमात २०२२ साली डिटेक्टिव्ह बेन्वा ब्लाँ गे असल्याचं दाखवलं, म्हणजे काय, तर त्याच्या घरचं दार उघडायला जोडीदार म्हणून ह्यू ग्रँट आला. त्याने कथेत काडीचा फरक पडला नाही. मग ही लेबलं कशासाठी?

निशाचर_नाशिक

शंका साहेब, फरक पडला नाही म्हणूनच ते दार अर्ध्या मिनिटात बंद झालं. माझा मुद्दा नेमका उलटा आहे, जिथे फरक पडतो त्या गोष्टींबद्दल बोलतोय. अगाथा ख्रिस्तीची डिटेक्टिव्ह मिस मार्पल अविवाहित म्हातारी आहे याने फरक पडतो ना? तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही, म्हणून तिच्यासमोर लोक वाटेल ते बोलतात. डॅनियलचंही तसंच. बारच्या पलीकडे उभा असलेला माणूस म्हणजे सामान. त्यात १९८० मधला गे बार, जिथे निम्मी गिऱ्हाइकं खोटी नावं सांगतात. कोण खोटं का बोलतंय ही डिटेक्टिव्हची रोजची डोकेदुखी. इथे तर सगळेच खोटं बोलतायत, आणि बहुतेकांचा खुनाशी संबंध नाही! चकवे द्यायला लेखकाला याहून सोयीची जागा कुठली?

(डावखुरा डिटेक्टिव्ह मात्र लिहाच. कात्रीने खून झाला असेल तर पुढचा तपास तोच करणार.)

वांद्रे_पूर्व

आपल्याकडचं उदाहरण कुणीच घेत नाहीये म्हणून. जेरी पिंटोंचं 'मर्डर इन माहीम', २०१७. माटुंगा रोड स्टेशनच्या मुतारीत प्रेत सापडतं, आणि मागे समलिंगी पुरुषांना धमकावून लुबाडण्याचा धंदा आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ वरचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा ज्याला लुटलं त्याने तक्रार करायची सोयच नव्हती, तक्रार केली तर तोच गुन्हेगार. निशाचर यांचं 'भोक' मुंबईतही तस्संच होतं.

पण यात तपास करणारा गे नाही. निवृत्त पत्रकार आहे, मुलगा गे असेल का या शंकेने हादरलेला बाप. पुस्तक मला आवडलं. तरी खटकलं ते एवढंच की इथेही समलिंगी माणूस मेलेला किंवा घाबरलेला, आणि शोधणारा बाहेरून आलेला. माटुंग्याच्या पुलावर भजी खात, मेल्याच्या वाह्यात मित्रांची टिंगल करत छडा लावणारा आपला कुणी नाहीच. लोकल, तुम्हाला गंभीर हवंय. गंभीर भरपूर आहे हो. मला तो टिंगलखोर हवाय.

लोकल_८_१२

वांद्रे, तुमचं पटतंय, थोडं. निशाचर, तुमचं अजून नाही. त्या पोराचं उत्तर तुम्ही टाळलंत.

निशाचर_नाशिक

टाळलं खरं. परत चाळून आलो.

तुमचं बरोबर आहे, त्याच्यासाठी कुणी रडत नाही. पण त्याच्या मागे जातं कोण? आमदाराला स्वतःच्या अंगणाची आणि मतांची पडलेली, पोलिसांना बारवर धाडी घालायला निमित्त मिळालेलं. तो कोण होता, कुठे राहायचा, शेवटच्या रात्री कुणाबरोबर होता हे विचारत फिरतात ती फक्त ही दोन वाह्यात माणसं, पेग मारता मारता. माझ्या आजोळी कुणी गेलं की तेराव्यापर्यंत ओसरीवर पत्ते आणि फाजील जोक चालायचे, आणि खांदा द्यायलाही तेच लोक पुढे. हे म्हणजे रडणं नव्हे, मान्य. पण अगदीच काही नाही असंही मला म्हणवत नाही.

नकलेबद्दल: कॅन्टीनमध्ये तुमच्यावर हसले. इथे डॅनियल हसतो, आणि आमदार हसू होतो. तरी तुमचं पोट आवळणार असेल तर मी काय सांगणार. माझी कुणी नक्कल केलेली नाही.

एक खाली ठेवतो, वाद जिंकायला नाही. मॅकडॉवेल १९९९ मध्ये एड्सने गेला. मालिका १९८६ लाच थांबली होती. 'कॅनरी' वाचताना हे डोक्यातून जात नाही, आणि विनोद वाचवत नाहीत. की उलट जास्तच वाचावेसे वाटतात, माझं ठरत नाही.

लोकल_८_१२

'कॅनरी' नाही वाचलेलं. वाचतो. पटेल असं नाही.

पुणेरी_शंका

'कोबाल्ट' म्हणजे सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' का?

वांद्रे_पूर्व

नाही हो. ते २००६ चं, मराठी, आणि त्यात खून नाही. मन मोडतं फक्त, ते दोघांचं. हे 'कोबाल्ट' प्रॉव्हिन्सटाउनचं, समुद्रकाठी, ऐन उन्हाळ्यातलं. रंग सारखा, योगायोग.

अर्नाळकरभक्त_मावशी

माझ्या डाळीच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही, ठीक आहे. आता सांगा, या चारातलं पहिलं कुठलं घेऊ? खुनी लवकर कळता कामा नये. रक्त चालतं. चावटपणा बेताचाच चालतो.

निशाचर_नाशिक

मावशी, मग 'व्हर्मिलियन'पासूनच सुरू करा. आणि बेताचा म्हणजे नेमका किती ते आधी मुलाला विचारून घ्या.

अर्नाळकरभक्त_मावशी

त्यानेच न्हाव्याचं दिलं होतं. तो काय सांगणार!