मदत हवी आहे: व्हिडिओ कॉलवर फोडणीची तडतड पोचत नाही

नवरा म्युनिकला, मी पुण्यात. कॉल चालू ठेवून दोघंही एकाच वेळी वरणाला फोडणी देतो. बोलणं स्वच्छ जातं, पण मोहरी तडतडली की तिकडे शांतता! ॲपचं नॉइज सप्रेशन माणसाचा आवाज सोडून बाकी सगळं गोंगाट समजून कापतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर तडतड पोचते, पण चिमणीची घरघरही जाते. चिमणी बंद केली तर मिरचीचा ठसका. (तो मात्र एकटीलाच.) तेल उडतं म्हणून फोन गॅसपासून हातभर लांब असतो. कॉलरला लावायचा माइक घ्यावा का, आणि अडकवावा कुठे?

शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं १ तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. रिमाइंडर कुठल्या वेळेवर लावावा, इथल्या की तिथल्या?