शेतनिवासाच्या खोल्या वाढवताना पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशोब कसा मांडावा?

काळीमाती (प्रश्न)

नमस्कार. आम्ही शेतातच राहतो आणि राहत्या घराला लागून असलेल्या चार खोल्यांत पाहुण्यांची सोय करतो. शेती सेंद्रिय आहे, गोठ्यात दुभती जनावरे आहेत आणि पाण्याची सारी भिस्त विहिरीवर आहे. मागणी वाढल्यामुळे आणखी चार खोल्या बांधाव्यात, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. माझी अडचण अशी, की सुटीच्या दिवसांत सगळ्या खोल्या भरल्या की न्हाणीघरांचे पाणी मागच्या चरात साचून राहते. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस विहीर खाली गेली की पिकाला पाणी द्यावे की टाकी भरावी, हा पेच पडतो. छपरावर सौर पॅनेल लावले आणि भिंती मातीने लिंपल्या म्हणजे निवास पर्यावरणपूरक झाला, हे माझ्या मनाला पटत नाही. पाणी, सांडपाणी आणि ऊर्जा यांपैकी कशाला आधी हात घालावा, आणि किती पाहुणे ठेवणे जमिनीला झेपेल हे ठरवण्याची काही रीत आहे का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष उभे केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाणकळा (उत्तर)

पाण्यापासून सुरुवात करावी, आणि खोल्यांचा आकडा सर्वांत शेवटी काढावा. वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात विहीर उपसून ती किती वेळात किती चढते ते मोजा. विहिरीचे आडवे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेऊन त्याला पाणी जितके मीटर चढले त्या आकड्याने गुणले, की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. त्यावरून दिवसभराची आवक काढा आणि तिच्यातून आधी उभ्या पिकाची गरज आणि जनावरांचे पिण्याचे पाणी वजा करा. उन्हाळ्यात एक दुभते जनावर दिवसाला 70–80 लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी पिते, हे विसरू नये. जे उरेल त्याला 150 ने भागा, कारण आंघोळ, शौचालय, स्वयंपाक आणि धुणे धरून एका पाहुण्यामागे साधारण तेवढे लिटर लागतात. येणारा आकडा तुमच्या शेताची खरी क्षमता आहे. तो आजच्या पाहुण्यांपेक्षा कमी आला, तर नव्या खोल्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

हा आकडा वाढवायचा असेल तर नवी कूपनलिका हा उपाय नव्हे, कारण ती त्याच भूजलातून ओढते आणि शेजाऱ्यांची विहीरही त्यावरच असते. छपराचे पाणी साठवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटरची एक सर आली, तर गळती आणि बाष्पीभवन वजा जाता सुमारे 800 लिटर हाती लागतात. पहिल्या सरीचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते वेगळे सोडण्याची सोय पन्हाळीलाच करावी. दुसरीकडे, मिनिटाला 10 लिटर सोडणारा शॉवर काढून 6 लिटरचा बसवला, तर पाहुण्याला फरक फारसा जाणवत नाही आणि आंघोळीचे पाणी मात्र बरेच वाचते.

आता तुंबणाऱ्या चराविषयी. न्हाणीघर आणि शौचालय यांचे सांडपाण्याचे नळ मुळातच वेगळे ठेवा. न्हाणीचे पाणी आधी केस आणि साबणाचा साका अडवणाऱ्या छोट्या टाकीत घ्यावे, आणि मग खडीच्या वाफ्यात सोडावे. वाफा साधारण 60 सेंटिमीटर खोल, तळ न पाझरणारा आणि उताराकडे किंचित कललेला असावा. त्यात 10–20 मिलिमीटरची धुतलेली खडी भरून वर कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. बाहेर पडणाऱ्या नळाची उंची अशी ठेवावी, की पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली पाच-सात सेंटिमीटर राहील. सगळे मर्म या उंचीत आहे: पाणी वर दिसले की डास होतात आणि वास येतो, ते खडीच्या आत राहिले की मुळांभोवतीचे जिवाणू घाण पचवतात. माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा धरावा आणि बाहेर आलेले पाणी फळझाडांच्या आळ्यात मातीखालून द्यावे. पालेभाज्यांवर ते शिंपडू नये. हे पाणी कच्चेच साठवून ठेवू नका, एका दिवसात ते कुजू लागते.

शौचालयाची टाकी सरासरी पाहुण्यांवर न बेतता सर्वाधिक गर्दीच्या दिवसावर बेतावी लागते. गर्दीत पाणी टाकीतून वेगाने पुढे जाते, गाळ खाली बसायला वेळ मिळत नाही आणि तोच शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे बुजवतो. खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर आणि भूजलाच्या उताराच्या बाजूला हवा. भेगाळलेल्या खडकात याहून बरेच जास्त अंतर ठेवावे.

गोठेकरी (उत्तर)

पाणकळा यांनी पाण्याचे सगळे सांगितलेच आहे, म्हणून मी फक्त ऊर्जेवर लिहितो. निवासात सर्वाधिक ऊर्जा दिव्यांना लागते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती पाणी तापवण्यात जाते. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते, तर 9 वॅटचा एलईडी दिवा एका युनिटवर शंभराहून अधिक तास चालतो. म्हणून आधी सौर बंब, आणि पॅनेल त्यानंतर.

गोठा आहे तर गोबरगॅस अवश्य करा. 25 किलो ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवले तर साधारण एक घनमीटर वायू मिळतो, आणि तो सिलिंडरमधल्या जवळपास अर्धा किलो गॅसइतके काम करतो. थंडीत उत्पादन घटते, कारण हे जिवाणू 35 अंशांच्या आसपास जोमाने काम करतात आणि 20 अंशांखाली मंदावतात; तेव्हा संयंत्र उन्हाच्या जागी बांधावे. मला स्वतःला वायूपेक्षा मागून निघणारी स्लरी मोलाची वाटते, कारण शेणातले नत्र तिच्यात टिकून राहते आणि पाहुण्यांचा स्वयंपाक करून झाल्यावरही खत शेताला मिळतेच.

उन्हंसावली (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र खोल्यांच्या संख्येला आणखी एक मर्यादा आहे, ती म्हणजे तुमचा वेळ. इटलीने 1985 साली शेतनिवासांसाठी कायदा केला आणि 2006 साली नवा आणला. या व्यवसायाची सांगड प्रत्यक्ष शेतीशी असावी, ही त्यामागची मुख्य अट आहे. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. पाहुण्यांच्या सरबराईत पेरणी लांबू लागली, निंदणी राहू लागली, तर जे पाहायला लोक येतात तेच हळूहळू नाहीसे होते.

खोल्या न वाढवता उत्पन्न वाढवण्याचा मार्ग म्हणजे मुक्काम लांबवणे. दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम न घेण्याचा नियम केला, की तेवढ्याच रात्रींसाठी चादरी आणि उशांचे अभ्रे कमी वेळा धुवावे लागतात, आणि पाहुण्याच्या गाडीच्या इंधनाचा धूरही जास्त दिवसांत विभागला जातो. दूरवरून एका रात्रीसाठी येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत प्रवासाचे प्रदूषण बहुधा निवासातल्या सगळ्या बचतीपेक्षा मोठे असते; आपण दिव्यांचा हिशोब ठेवतो आणि हे सोडून देतो.

बाहेरचे दिवे पिवळसर आणि खाली तोंड करून झाकलेले ठेवा. पांढऱ्या झोतावर निशाचर कीटक गोळा होऊन मरतात आणि त्यांत परागीभवन करणारेही असतात. वासरांना हात लावू द्यायचा असेल तर गोठ्याच्या दाराशीच नळ आणि साबण ठेवा, आणि पाहुणे आत जाण्यापूर्वी त्यांची पादत्राणे जंतुनाशकाच्या पाण्यातून जाऊ द्या, कारण लाळ्या-खुरकुताचा विषाणू पादत्राणांवरूनही येतो.

काळीमाती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. या उन्हाळ्यात विहीर मोजेपर्यंत बांधकामाचा निर्णय घ्यायचा नाही, असे घरात ठरले आहे. एक शंका उरते: शौचालये आणि फरशी स्वच्छ दिसावी म्हणून आम्ही ब्लीच आणि आम्ल वापरतो. ते टाकीत आणि खडीच्या वाफ्यात गेले तर चालेल का?

पाणकळा

सवयीने रोज वापरू नका. टाकीत आणि वाफ्यात घाण पचवण्याचे काम जिवाणू करतात, आणि ब्लीच त्यांनाच मारते. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे एकाच न्हाणीघरात ही दोन्ही कधीही वापरू नयेत. रोजच्या सफाईला साधा साबण आणि ब्रश पुरतो. शौचपात्रावरचे क्षारांचे डाग सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणाने निघतात. धुण्याची पावडर निवडताना तिच्यात सोडियमचे क्षार आणि बोरॅक्स कमी असल्याचे पाहा, कारण सोडियमने चिकणमाती घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते आणि बोरॉन साचला की लिंबूवर्गीय झाडांची पाने कडांनी करपू लागतात. खोल्यांमध्ये हेच साबण आपण ठेवावेत, म्हणजे पाहुण्यांना निराळे काही सांगण्याची वेळ सहसा येत नाही.