‘फूल’ दीर्घ, मग ‘फुले’ ऱ्हस्व का?

प्रश्न (दादर): माझी सात वर्षांची मुलगी ‘फूल’ आणि ‘फुले’ या दोन्ही शब्दांतील उकार सारखाच लिहिते. हा फरक तिच्या कानाला कसा पटवावा?

उत्तर (परळ): ताई, नियमाचे पाठांतर तूर्त नको. ‘फूल’ म्हणताना तिला पाटीवर बोट लांब सरकवू द्या आणि ‘फुले’ म्हणताना दोन टिचक्या मारू द्या; ‘मीठ–मिठाचा’, ‘चूल–चुली’ अशा जोड्या म्हणता म्हणता, अकारान्त (‘अ’ने संपणाऱ्या) शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचा) इकार-उकार लांबतो आणि पुढे प्रत्यय लागला की आखडतो, हे तिचे तिलाच सापडेल.

उत्तर (मुलुंड): सहमत आहे, मात्र ‘गुण’, ‘विष’ हे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द ऱ्हस्वच राहतात, ते नंतर घ्यावेत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. रात्री ‘पीठ–पिठले’ म्हणत ताटावर टिचक्या वाजल्या.