सोसायटीतल्या खेळण्यांची वर्षभर निगा कशी राखता? (झोका तुटल्यावर जाग आली)

अबोली_६४:

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला ६४ फ्लॅटची आमची सोसायटी. यंदा कमिटीत कुणी उभं राहीना, म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. मागच्या रविवारी संध्याकाळी एका झोक्याची साखळी वरून सुटली. आमच्याच विंगमधली सात वर्षांची पोर पेव्हर ब्लॉकवर पडली. हनुवटीला चार टाके. त्यावर निभावलं, हे तिचं नशीब आणि आमचंही.

मला खुपतंय ते वेगळंच. २६ जानेवारीच्या आधी आम्ही ही सगळी खेळणी रंगवून घेतली होती. लाल, पिवळा, निळा. फोटो ग्रुपवर टाकून पाठ थोपटून घेतली होती. दरवर्षी रंग देतो म्हणजे देखभाल करतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मीटिंगमध्ये आता दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, सगळं उपटून टाका, तिथे चार गाड्या लागतील. दुसरा तट नवा सेट आणायला निघालाय, कोटेशन पावणेतीन लाखांचं. मला वाटतं, आहे तेच नीट राखता आलं तर बघावं. दोन झोके, फायबरची घसरगुंडी, सीसॉ, जंगल जिम आणि पोरं जिला चक्री म्हणतात ती गोल फिरणारी. सगळं १२ वर्षांचं. बायलॉजप्रमाणे दुरुस्ती निधी जमतोच आहे, पैशाचं मी बघते. तुमच्याकडे कोण बघतं, कधी बघतं, काय बघतं ते सांगा. वॉचमनकाकांवर ढकलायचं नाही, एवढं मी आधीच ठरवलंय.

जुनाफिटर:

ताई, पोरगी लवकर बरी होवो. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. आता कॉलनीच्या बागेतली खेळणी बघतो. पगार नाही, चहा मिळतो.

आमच्याकडे गाडी रंगाला जायची ती सगळ्यात शेवटी. आधी खाली शिरून बघायचं, ठोकायचं, बदलायचं. तुमच्या पेंटरने गंजावरूनच ब्रश फिरवला असणार. गंज गेला नाही, फक्त दिसेनासा झाला. पुढच्या वेळी रंगाच्या आधी एक रविवार वायर ब्रशला द्या, मग रेड ऑक्साइड (गंजाला अडवणारा तांबडा प्रायमर), मग रंग. आणि वायर ब्रश चालू असताना स्वतः तिथे उभ्या राहा. नाहीतर तोही नुसता फिरवतात.

साखळी वरून सुटली म्हणजे बहुतेक एस-हुक उघडला. हुकाच्या फटीत एटीएम कार्ड शिरलं की तो उघडा समजायचा. हातोडीने ठोकून बंद करू नका, परत उघडतो. तिथे पिनवाली शॅकल (यू आकाराची, पिनेने बंद होणारी कडी) लावा आणि पिन तारेने बांधून टाका. दुसरं, वरच्या कडीच्या आत बोट फिरवा. लोखंडावर लोखंड घासून खाच पडलेली असते, ती खालून दिसत नाही. त्यासाठी शिडी लागते. शिडी लावायचा कंटाळा येतो म्हणूनच झोके वरून सुटतात.

मग खांब. खांब सडतो तो जमिनीलगत, नेमका रंग जिथे संपतो तिथे. चार-सहा इंच माती उकरा आणि लहान हातोडीने हळू ठोका. चांगला पाइप टण् वाजतो, सडलेला थप्प. थप्प वाजला की त्या दिवसापासून खेळणं बंद, दोरी बांधून. वेल्डर म्हणेल बाहेरून पट्टी मारतो. नाही म्हणा. सडक्या पाइपला डाग धरत नाही.

पेव्हर ब्लॉक मात्र काढाच, याला दुसरा इलाज नाही. झोके आणि घसरगुंडीखाली फूटभर वाळू हवी. धुतलेली, गोल दाण्याची नदीची वाळू. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त मिळते, पण ती दोन पावसांत रस्त्यासारखी घट्ट बसते, मग पेव्हर काय वाईट होते? नदीची वाळूसुद्धा पायांनी दबते, झोक्याखाली खड्डा पडतो. दर आठवड्याला दाताळ्याने मोकळी करायची आणि खड्ड्यात ओढायची. आमच्याकडे ते काम पोरंच करतात, आणि त्यांना ते झोक्यापेक्षा आवडतं!

जाता जाता, झोक्याचा दांडा आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट मोकळं हवं. मोजून बघा. बऱ्याच ठिकाणी मागे सहा फुटांवर कंपाउंडची भिंत असते.

आता वर्षभराचं. मी महिन्यांनी चालत नाही, सणांनी चालतो. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे झोके आणि जंगल जिमवर अडकलेला मांजा काढायचा. नाशिककरांना मांजाचं सांगायला नको. मुलांच्या गळ्याच्या उंचीला तो आडवा ताणलेला मी स्वतः काढलाय. पाडव्यानंतर परीक्षा संपल्या की गर्दी, म्हणून सगळे नट-बोल्ट तेव्हा आवळायचे. सुटत राहणाऱ्या जागी नायलॉक नट घालायचा, त्याच्या आत नायलॉनची कडी असते म्हणून तो हादऱ्याने सुटत नाही. मृगाच्या आधी फांद्या. पण झाडाला हात लावण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, १९७५ चा कायदा आहे. त्याच सुमारास पाइपांची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा. आत पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात गांधीलमाश्या घर करतात. एकदा मला कानामागे दोन बसल्या होत्या, तेव्हापासून आधी काठी वाजवतो.

पावसाळ्यात दोनच गोष्टी, पण हयगय नको. घसरगुंडीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ, आणि बागेतले दिव्याचे खांब. ओल्या हाताने पोरं खांबाला धरून गोल फिरतात. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासा आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. नसेल तर झोक्याआधी तो बसवा.

गणपती उठले की मांडववाल्याने ठोकलेल्या खुंट्या, तारांचे तुकडे. दिवाळीनंतर वाळूत फुलबाज्यांच्या जळक्या तारा. चाळणी लावून वाळू चाळा, मूठ-मूठ निघतात. मागच्या वर्षी मी मोजायचं सोडून दिलं.

इसारकाठ:

काका, साष्टांग नमस्कार! मी म्युनिकला असतो. इथे युरोपियन मानक ईएन ११७६ मध्ये तपासणीचे तीन थर आहेत: नेहमीची नजरेची, एक ते तीन महिन्यांनी हात लावून करायची, आणि वर्षातून एकदा पायापासून सगळी. तुम्ही सांगितलंत ते जवळपास तेच आहे, फक्त सण वेगळे.

एक भर घालतो. जंगल जिममधल्या बंद फटी मोजा. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट असेल तर मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. म्हणून इथे सायकलचं हेल्मेट घालून खेळण्यावर चढू देत नाहीत, हेल्मेटही तसंच अडकतं. आपल्याकडे हेल्मेट नसेल, पण शाळेच्या आयकार्डाची गळ्यातली दोरी, ओढणी, टोपीवाल्या जर्किनच्या नाड्या? घसरगुंडीच्या वरच्या टोकाला त्या अडकल्या तर काय होईल ते लिहीत नाही.

दुपारची_आजी:

मला पान्हा धरता येत नाही, गुडघेही गेलेत. पण पाच ते सात मी बाकावर असतेच, म्हणून सांगते. माझ्याकडे एक पिशवी असते. काचा, खिळे, झाकणं, जे दिसेल ते त्यात. कुठलं खेळणं कुरकुरतंय ते मला बाकावरून कळतं. आवाज बदलला की मी फोन करते. तुमच्याकडेही अशी एखादी म्हातारी असेलच, तिचा नंबर घेऊन ठेवा.

एप्रिल-मेमध्ये घसरगुंडीला आधी हाताची उलटी बाजू लावून बघा. फायबर तापत नाही म्हणतात, पण माझ्या नातवाच्या मांड्या लाल झाल्या होत्या. तोंड पश्चिमेला असेल तर वर हिरवी शेडनेट बांधा. आणि फायबरचा वरचा थर उडाला की काचेचे बारीक तंतू टोचतात, पोर रात्रभर खाजवतं आणि आई समजते डास. वाळूत मांजरं घाण करतात, म्हणून रात्री ताडपत्री टाका. मात्र पावसाळ्यात त्या ताडपत्रीवर पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच.

अबोली_६४:

काका, आजी, इसारकाठ, सगळ्यांचे आभार. काल सकाळी मिस्टरांना शिडी धरायला लावून मीच वर चढले. दुसऱ्या झोक्याच्या हुकात एटीएम कार्ड आरामात गेलं. म्हणजे पुढचा रविवार त्याचा होता. मग माती उकरून ठोकत गेले. झोक्याचे चारही पाय टण्. जंगल जिमचा एक पाय थप्प. खात्री होईना म्हणून तीनदा ठोकला, तर पाइपातून पाणी आलं. दोरी बांधली. पोरं माझ्याशी बोलत नाहीयेत.

मीटिंगमध्ये मी कागद वाचून दाखवला नाही. सगळ्यांना खाली नेलं आणि हातोडी पार्किंगवाल्या काकांच्या हातात दिली. त्यांनी ठोकलं, थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आधी पेव्हर काढा." गाड्यांचा विषय तूर्त निघालेला नाही.

झोक्यामागची भिंत ९ फुटांवर निघाली. दांडा आठ फुटांचा आहे. काका, झोके हलवायला जागा नाही. काय करू?

जुनाफिटर:

दांड्याची उंची कमी करा. चार फुटांचा दांडा, आठ फूट मोकळं, आणि लहानांच्या बादलीसारख्या सीटा. मोठी पोरं कुरकुरतील, त्यांना दाताळं द्या. वाळू उतरवाल तेव्हा कळवा, चाळणी घेऊन येतो.