मदत हवी आहे: क्रमित जोडी ही उकल आहे का, हे तपासताना गोंधळ

इंदूरची_पालक: मुलगी दहावीत आहे. समीकरणं अशी:

३क्ष − २य = १६
२क्ष + ५य = −२

पर्यायांत (४, −२) आणि (२, −५) या जोड्या (आधी क्ष, मग य) आहेत. पहिलीसाठी ती १२ − ४ = ८ लिहून जोडी बाद करते. दुसरीसाठी ६ + १० = १६ येतं, म्हणून तीच उकल मानते. उत्तर (४, −२) दिलंय. नेमकं काय चुकतंय?

पाटीपेन्सिल: दोन वेगळ्या चुका आहेत. (२, −५) मध्ये वजाचं चिन्ह तिने बरोबर सांभाळलंय, म्हणजे नियम येतो. (४, −२) ला कंस न घालता किंमत ठेवली आणि चिन्ह निसटलं. कंस घालून लिहायला लावा:

३(४) − २(−२) = १२ + ४ = १६
२(४) + ५(−२) = ८ − १० = −२

दोन्ही बाजू जुळल्या, उकल पक्की.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. (२, −५) एकाच समीकरणात तपासली. दुसऱ्यात २(२) + ५(−५) = ४ − २५ = −२१, हवं होतं −२. आलेखावर प्रत्येक समीकरण म्हणजे एक रेषा आणि जोडी म्हणजे एक बिंदू; तो बिंदू पहिल्या रेषेवर आहे, दुसऱ्या रेषेवर नाही. उकल म्हणजे दोन्ही रेषांवरचा बिंदू.

इंदूरची_पालक: म्हणजे दर वेळी दोन्हीत तपासायचं?

पाटीपेन्सिल: पहिल्यातच जुळलं नाही तर तिथेच थांबा, जोडी बाद. जुळलं तर दुसरं तपासायलाच हवं.

सराफा_गल्ली: क्रमही बघा. समजा ३ प्लेट पोहे आणि २ प्लेट जिलबीचे १३० रुपये झाले, म्हणजे ३क्ष + २य = १३०. इथे (२०, ३५) बसते: ६० + ७०. उलटी (३५, २०) घातली तर १४५ येतात. घाईत मुलं हमखास अदलाबदल करतात, म्हणून आधी क्ष = ४, य = −२ असं वेगळं लिहून घ्यावं.

पाटीपेन्सिल: बरोबर. आणखी एक: तिने स्वतः उदाहरण सोडवलं असेल आणि य ची किंमत पहिल्या समीकरणातून काढली असेल, तर पडताळा दुसऱ्यात घ्यावा. पहिल्यात ती जोडी बसणारच, क्ष चुकला असला तरी. आणि पडताळ्यासाठी प्रश्नात दिलेलीच समीकरणं घ्या, मधल्या पायरीत गुणून-भागून झालेली नकोत. गुणताना चूक झाली असेल तर ती तिथे दिसणारच नाही.