साडी नेसून परत करणाऱ्यांनो, भुर्दंड कंपनीला पडत नाही

अमळनेरची साडीवाली: काल इथे एका ताईंनी लिहिलं, 'साडी ऑनलाइन मागवायची, लग्नात नेसायची, सात दिवसांच्या आत रिटर्न टाकायची. विकणाऱ्याचं काय जातं, कंपनी भरते.' रात्रभर डोक्यातून जाईना. मागच्या आठवड्यात माझी ६४९ ची साडी परत आली. कारण टाकलेलं, 'रंग वेगळा'. घडी उलगडली तर खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं, पदराला हळद, निऱ्यांतून अक्षता गळल्या. जाता-येताचं कुरियर माझ्या पेमेंटमधून कापलं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जोडून क्लेम टाकला, तर 'लेबल स्पष्ट दिसत नाही' म्हणून नामंजूर. ती साडी आता कुणाला विकू?

धरणगावकर: ताई, सगळे गिऱ्हाईक लबाड नसतात. आमच्या घरी ब्लाऊजपीस नसलेली साडी आली, फोटोत तो स्पष्ट होता. विक्रेत्याने 'आम्ही बरोबर पाठवलं' म्हणून हात वर केले. २०२० चे ई-कॉमर्स नियम वाचा. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही.

अमळनेरची साडीवाली: मी कुठे नाही म्हटलं? फाटकी निघाली तर बिनबोभाट परत घेते. नेसलेली साडी सदोष कशी झाली, ते सांगा.

धडगावचा मास्तर: तुमच्याकडे निदान रिटर्न होतं तरी! आमच्याकडे मागवताना पिनकोड चालतो, परत करताना 'इथे पिकअप नाही, स्वतः कुरियर करा'. मिक्सरचं गळकं भांडं पिशवीत घेऊन एसटीने शहाद्याला गेलो. एक रजा गेली, भाडं वेगळं.

भुसावळवाली: पिकअपचं सोडा, डिलिव्हरी तरी धड होते का? मी दिवसभर घरात, मोबाईलवर मेसेज, 'ग्राहक घरी नव्हता'. ही पोरं जिना चढायचा कंटाळा करतात.

जळगावचा डिलिव्हरीवाला: कंटाळा? मे महिन्यात ४४ अंशात पाठीवर बॅग घेऊन एक दिवस फिरून बघा. कॅश ऑन डिलिव्हरीवाले फोन उचलत नाहीत. चौथ्या मजल्यावर गेलो की दार अर्धं उघडून 'नको, कॅन्सल केलं'. पार्सल दिलं तरच आम्हाला पैसे, मग न देऊन आमचा काय फायदा?

भुसावळवाली: मी पैसे आधी भरले होते, आणि फोन हातात होता. दुसऱ्यांचा राग माझ्यावर काढू नका.

जळगावचा डिलिव्हरीवाला: तसं झालं असेल तर तो शेरा मारणाऱ्याची चूक. पण सगळ्यांना एका मापात मोजू नका.

अमळनेरची साडीवाली: तुमचं दोघांचं भांडण होतं, पार्सल परत माझ्याकडे येतं. पंधरा-वीस दिवसांनी, कोपरे चेपलेलं. तोवर लग्नसराई संपते आणि त्या मालात माझे पैसे अडकतात.

धरणगावकर: नेसून परत करणं ही लबाडीच, तुम्हनं खरं शे. पण ब्लाऊजपीसचे पैसे मला ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केल्यावर मिळाले, तेही दोन महिन्यांनी. तेवढं तुम्हीही कबूल करा.

अमळनेरची साडीवाली: केलं कबूल. तो विक्रेता चुकला. आणि मीही आता लेबलपासून व्हिडिओ सुरू करते, मध्ये कट न करता.

धडगावचा मास्तर: आमच्या पिकअपचं कुणीच बोललं नाही. भांडं अजून गळतंय.